कोरडी परीक्षा

नर्सरीत आलेल्या गिऱ्हाइकाला काका पहिला प्रश्न विचारत तो झाडाबद्दलचा नसे. "मे महिन्यात तुमच्याकडं पाणी कुठून येतं?" एवढंच विचारत आणि उत्तर येईपर्यंत समोरच्याच्या तोंडाकडे बघत उभे राहत. गिऱ्हाईक बहुतेक वेळा मुंबई-ठाण्याचं असे. मुरबाडकडे नाहीतर शहापूरच्या अंगाला नवंकोरं फार्महाउस बांधलेलं, श्रावणात जागा बघून प्रेमात पडलेलं. "बोअर आहे की," असं कुणी म्हणालं की काका विचारत, "मेमध्ये चालते?" मग गिऱ्हाईक डोकं खाजवू लागे आणि काका त्याच्या हातातली आरिका पामची कुंडी हळूच काढून घेऊन परत जागेवर ठेवत.

एकदा कल्याणचे एक गृहस्थ लॉन मागायला आले. घरासमोरची सगळी जागा हिरवीगार पाहिजे म्हणाले. काकांनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हिरवंच पायजे ना? मग सतरंजी घ्या हिरवी. पाणी नाय, खत नाय. झाडून काढली का झालं." ते गृहस्थ गाडीत बसून धुरळा उडवत गेले आणि मी हातात लॉनच्या फोटोंचं पुस्तक धरून तशीच उभी राहिले. नोकरीला लागून मला चारच दिवस झाले होते, आणि गिऱ्हाइकं टिकवायची हेच माझं काम होतं.

मला ठेवून घेतलं होतं काकूंनी. काका माणसं हाकलतात, तर कुणीतरी शिकलेली, गोड बोलणारी मुलगी पाहिजे, असा त्यांचा हिशेब. मी वाशिंदला राहायचे. लँडस्केप डिझाइनचा डिप्लोमा नुकताच झालेला, त्यामुळे डोक्यात कारंजी, दगडी पायवाटा आणि परदेशी मासिकातल्या बागा. स्कूटर काढून शहापूर-मुरबाड रस्त्यावरच्या त्या नर्सरीत रोज जायचं आणि काकांकडून बोलणी खायची, असा माझा दिनक्रम सुरू झाला. "काय गो मॅडम, आज कुणाच्या दारात स्वित्झर्लंड लावताय?" हे त्यांचं सकाळचं स्वागत.

मी कॉम्प्युटरवर काढलेला नकाशा त्यांच्यापुढे ठेवला की ते तो उलटा-सुलटा करून एकच गोष्ट शोधत. "मोरी कुठं हाय यात?" मोरी सापडली की त्यांचं बोट तिथून निघे. मोरीच्या सांडपाण्यावर केळ, अळू, कर्दळ. त्याच्यापुढे कण्हेर, देवचाफा. त्याच्याही पुढे, जिथे बादली घेऊन कुणीही जाणार नाही तिथे, निर्गुडी, धायटी, करवंद, घायपात. धायटी मला तोवर माहीतच नव्हती. डोंगरउतारावरचं साधं झुडूप, पण होळीच्या सुमाराला फांदी न् फांदी लाल फुलांनी भरते. पोरं ती फुलं तोडून मध चोखतात. काकांनी मला पहिल्यांदा ते चोखायला लावलं तेव्हा मी साठी ओलांडलेल्या माणसाबरोबर उन्हात उभी राहून फुलं चोखत होते, आणि मागे एक गिऱ्हाईक खोकून खोकून थकलं होतं.

काकांना देशी-परदेशी असला भेदभाव मुळीच नव्हता. बोगनवेल बाहेरची, म्हणून एका पर्यावरणवाल्या बाईंनी नाक मुरडलं, तर काका बोगनवेलीच्या बाजूने भांडले. "पाहुणी असंल, पर आमच्या उन्हात हसत उभी ऱ्हाते. तुमी ऱ्हाऊन दाखवा." उलट आपल्याच जास्वंदीला त्यांनी वर्षानुवर्षं विकायला ठेवलं नव्हतं. का, तर ती नापास झाली होती.

आता हे नापास काय प्रकरण, ते सांगायला हवं. काका आयुष्यभर शाळेत शिपाई होते. घंटा वाजवली, फळे पुसले, परीक्षेच्या दिवसांत खिडक्यांखाली उभं राहून बाहेरून येणाऱ्या चिठ्ठ्या पकडल्या. वर्गात सुपरवायझर म्हणून खुर्चीत मात्र त्यांना कुणी कधी बसवलं नाही. ती हौस त्यांनी निवृत्तीनंतर फेडून घेतली. नर्सरीच्या मागच्या अंगाला, अजिबात सावली नसलेल्या जागी, एक मुरमाड वाफा होता. तो परीक्षेचा. विकायला ठेवायच्या प्रत्येक जातीची चार रोपं तिथे पिशवीचा तळ फाडून मुरमावर बसवायची आणि होळीपासून मृगापर्यंत पाण्याचा थेंब द्यायचा नाही. मुळांनी खाली जाऊन काय ते आपलं आपण शोधावं. असे तीन उन्हाळे जी जात काढील ती पास. शाळेतून आणलेल्या जुन्या हजेरीपटात त्याची नोंद व्हायची. मुलांच्या नावांच्या जागी कुडा, तगर, रातराणी, आणि पुढे हजर-गैरहजर.

तुळशीला परीक्षेतून सूट होती, काकूंच्या हुकमाने.

निकाल मृगाच्या दिवशी. काका इस्त्रीचा सदरा घालून वाफ्यापुढे उभे राहत, हजेरीपट वाचत आणि पेढे वाटत. वाटत म्हणजे मला, काकूंना आणि रस्त्याने जाणाऱ्या कुणालाही. एसटीचा एक ड्रायव्हर तर त्या दिवशी मुद्दाम गाडी हळू करायचा. त्यांची छत्रीही फक्त उन्हाळ्यात बाहेर पडे. पावसात ते टोपी घालून खुशाल भिजत आणि म्हणत की पावसाला काय घाबरायचं, तो देतोय. हे सगळं मला फार गमतीचं वाटायचं. वाफा मात्र गमतीचा वाटत नसे. एप्रिलच्या दुपारी ती पानं टाकलेली रोपं बघून मला काकांचा राग यायचा. या माणसाला काळीज नाही असं माझं स्पष्ट मत झालं होतं, आणि ते मी घरी आईला सांगतही असे.

एकदा धीर करून विचारलं, "काका, एक बादली पाणी घातलं तर काय बिघडेल?"

ते रस्त्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ती बघ." समोरून दोघी बायका डोक्यावर हंडे घेऊन चालल्या होत्या. एकीवर दोन, एकीवर तीन. "धरणं आमच्या उशाला, आन बाया चालल्यात टँकरला. मेमधी कुठल्या बी बागेत पाणी जातं ना, ते कुणाच्या तरी डोक्यावरून उतरवलेलं असतं. मी विकलेल्या झाडाला ते नाय पायजे. बास."

ते मला पटलं. पण माझी अडचण वेगळी होती. काकांच्या यादीतलं सगळं कसं काटक, चिवट, राखाडी. त्यातून सुंदर बागा होतात हे मी पुढे शिकले, पण तेव्हा मला एक तरी नाजूक, पांढरं, वासाचं झाड हवं होतं. तशात त्या वर्षी काकांनी अनंत परीक्षेला बसवला. अनंताला पाणी लागतं हे कुणीही सांगेल. तेच काकांना पटत नव्हतं. "समदे म्हणतात म्हणून नाय. बसू दे त्याला, मग बघू." आमच्या वाशिंदच्या दारात अनंत होता. त्याच्या फुलाचा वास आला की मी पुन्हा लहान होते. म्हणजे बघा, सगळंच जमून आलं होतं.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात त्याची पानं पिवळी पडली. काका जेवून तासभर आडवे होत. त्या वेळात मी माझी पिण्याच्या पाण्याची बाटली घेऊन मागे गेले आणि चारी पिशव्यांत थोडं थोडं ओतलं. मुरूम एवढा तापला होता की पाणी पडल्यावर आवाज आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. मग घरून दोन बाटल्या आणायला लागले. मृगाला चारही अनंत जिवंत निघाले आणि काकांनी हजेरीपटात चारदा 'हजर' लिहिलं. तेव्हाच सांगायला हवं होतं. पुढच्या उन्हाळ्यात पाणी घातलं ते झाडाच्या मायेने कमी आणि उघडं पडायच्या भीतीने जास्त. तिसऱ्या उन्हाळ्यात तर निव्वळ भीती.

"अनंत पास!" त्या तिसऱ्या निकालाला काका ओरडलेच. मला दोन पेढे दिले. "बघ गो, लोक काय काय म्हणायची. माझ्या वाफ्यानं शिकवला त्याला." मी ते पेढे कसे गिळले ते माझं मला माहीत.

त्याच सुमाराला टोकावड्याच्या पुढे एका वृद्धाश्रमाची बाग आमच्याकडे आली. मोठी इमारत, मागे डोंगर, पाणी उन्हाळ्यात टँकरचं. माणशी मोजून बादल्या मिळायच्या. चालवणाऱ्यांनी आधीच हात जोडले होते, की बागेला पाणी देणं होणार नाही. काकांनी छाती ठोकून सांगितलं, "एक तांब्या लागणार नाय." निर्गुडीचं कुंपण, उताराला धायटी, फाटकाशी बोगनवेल. नकाशा माझाच होता आणि तो काकांनी पहिल्यांदाच मोरी न शोधता मान्य केला होता. तेवढ्यात व्हरांड्यात बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "एखादं वासाचं झाड लावा हो. डोळ्यांनी फारसं दिसत नाही मला." काकांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर असा अभिमान होता की मला तिथून पळून जावंसं वाटलं. व्हरांड्याला लागून एका ओळीत अनंत लावले. पावसाळाभर ते तरारून वाढले आणि मी मनाशी म्हटलं, निभावलं.

पुढच्या एप्रिलच्या शेवटी आम्ही दोघं तिथे बघायला गेलो. उतारावरची धायटी, कुंपणाची निर्गुडी, सगळं ठणठणीत. व्हरांड्याजवळ काका थांबले. अर्धे अनंत वाळून काटक्या झाले होते. उरलेल्यांच्या बुडाशी माती ओली होती. आणि त्या आजी भिंत धरून, एका हातात तांब्या घेऊन, पायरी उतरत होत्या. त्यांच्या मागे आणखी एक आजोबा, त्यांच्या हातात पेला.

"आजी, हे पाणी कुठलं?" काकांनी विचारलं.

"माझ्या अंघोळीतलं राखून ठेवते थोडं. हे त्यांच्या पिण्यातलं देतात. मी नको म्हणते, ते ऐकत नाहीत."

"पण मी सांगितलं व्हतं ना, पाणी लागणार नाय."

"सांगितलं होतं हो. पण सुकायला लागलं बिचारं."

काका जागीच मातीत बसले. थोड्या वेळाने म्हणाले की उद्या येऊन सगळे काढून नेतो. आजी एकदम चिडल्या. "काही काढायचं नाही. सकाळी उठून कुठे जायचं असतं तेवढंच आम्हाला." काकांनी त्यांच्या पायाला हात लावला आणि आम्ही निघालो.

मुरबाड येईपर्यंत टेम्पोतून काका रस्त्याकडेची झाडं बघत होते. मग माझ्याकडे न बघता बोलले, "तीन सालं पास झालेलं झाड म्हाताऱ्या माणसांचं पाणी प्यायलं. अनंत चुकला, तर बाकीचे बरोबर कशावरनं? समदी वही खोटी असंल. लोकांना काय काय सांगत फिरलो मी." मी बाजूलाच बसले होते. एक वाक्य बोलले असते तर तिथल्या तिथे संपलं असतं. ते वाक्य तोंडाशी आलं आणि मी खिडकीबाहेर बघत बसले. त्याची लाज मला आजही वाटते.

दोन दिवसांनी नर्सरीत पाइप आला. हिरवा, लांबलचक, मोटरला जोडलेला. काकांनी परीक्षा मध्येच बंद केली आणि वाफ्याला सकाळ-संध्याकाळ पाणी सोडायला लागले. हजेरीपट काकूंनी धान्याच्या कोठीवर ठेवून दिला. गिऱ्हाईक आलं तर काका पाण्याचा प्रश्न विचारीनात. एका माणसाने मेच्या मध्यावर लॉनची चौकशी केली. मी वाट बघत होते, की आता सतरंजी निघणार. काका म्हणाले, "न्या. काय पायजे ते न्या. मला काय कळतं त्यातलं?" ते खोचून बोलत नव्हते, त्यांना खरंच तसं वाटत होतं. जन्मभर दुसऱ्याच्या परीक्षेबाहेर उभ्या राहिलेल्या माणसाने म्हातारपणी स्वतःची एक गोष्ट उभी केली होती, आणि ती मी माझ्या बाटलीने पाडली होती.

तो माणूस गेल्यावर मी काकांपुढे जाऊन उभी राहिले. "काका, अनंताला मी पाणी घालत होते. तिन्ही वर्षं. तुम्ही झोपल्यावर."

त्यांनी मान वर केली. "किती?"

"दोन बाटल्या. रोज."

"रोज?"

"रविवार सोडून."

काका उठले. मला वाटलं, आता हात उचलतात. ते माझ्या बाजूने निघून मागे गेले आणि मोटर बंद केली. मग पाइपाची गुंडाळी करताना स्वतःशीच म्हणाले, "म्हंजे कॉपी झाली." आणखी एक वेढा गुंडाळून पुन्हा म्हणाले, "जन्मभर चिठ्ठ्या पकडल्या पोरांच्या, आन माझ्याच वर्गात कॉपी झाली!" त्यानंतर आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मी रोज येत होते, झाडत होते, पिशव्या भरत होते. काकू माझ्या डब्यात गुपचूप भाकरी वाढत होत्या. नवव्या दिवशी काका माझ्यापुढे हजेरीपट घेऊन आले.

"अनंताची फेरपरीक्षा. पुढल्या होळीपासनं. आन सुपरवायझर तू."

"मी? काका, कॉपी तर मीच केली."

"म्हणून तर. कॉपी कशी करतात ते तुला म्हाईत हाय."

पुढच्या होळीला आम्ही दोघांनी मिळून चार अनंत वाफ्यात बसवले. आठवड्याभरात काका शेडवर चढले आणि पडले. खुब्याचं हाड मोडलं. त्यांची मुलगी कल्याणला असते, तिच्याकडे काकूंसकट जावं लागलं. नर्सरी माझ्यावर आली. रोज दुपारी बरोबर त्यांच्या झोपेच्या वेळेला फोन यायचा. झोपत नव्हते म्हणजे. बाकी काही न विचारता एकदम, "अनंत?" मी म्हणायचे, "हजर."

मग पानं पिवळी पडली. मी माझी पाण्याची बाटली आत कपाटात ठेवायला लागले, कारण हातात असली की पाय आपोआप मागे वळायचे. मेच्या पहिल्या आठवड्यात एक अनंत गेला, मग दुसरा. तिसऱ्याला एक कळी होती. ती तशीच तपकिरी झाली. मी खुर्ची टाकून, काकांची छत्री उघडून, रोज तासभर तिथे बसायचे आणि काहीच करायचे नाही. आयुष्यात याहून अवघड काम मी केलेलं नाही. मृगाला दहा-बारा दिवस उरले असताना चौथ्याची फांदी मी वाकवून बघितली, तर ती कट्कन मोडली. तेवढ्यात फोन वाजला.

"अनंत?"

"गेला, काका. चारही गेले."

"कॉपी नाय ना झाली?"

"नाही. एक थेंब नाही."

पलीकडे काका ओरडले, "आगो, ऐकलंस का? अनंत नापास झाला! समदी वही बरोबर हाय आपली!" काकू काहीतरी म्हणाल्या. काका हसत होते, हसता हसता हाड दुखून विव्हळत होते आणि पुन्हा हसत होते. मी मोडलेली फांदी हातात धरून रडत होते, आणि ते त्यांना फोनवर कळू नये म्हणून तोंडावर ओढणी दाबून धरली होती. हळूहळू त्यांचं हसणं थांबलं.

"तरास झाला का गो, नुसतं बघत बसायला?"

"खूप झाला, काका."

"व्हय," ते म्हणाले. "मला बी दर साली होतो."